घरच्या कोंबड्यांसाठी मोठे आवार : जाळीचा पन्हा, तारेचे गेज आणि वहीतला हिशेब

आपल्या वस्त्यांतून घरोघरी कोंबड्या पाळण्याची रीत फार जुनी आहे. मागीलदारी एक दरबा, सात-आठ गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि पावसाळ्यात पिल्लांचा घोळका, हे चित्र कारागिराच्या घरात आजही दिसते. माग बंद असो की चालू, अंड्यांचा पैसा घरातील बाईच्या हातात येतो आणि त्यातून मुलांची वह्या-पुस्तके, औषध, सणासुदीचा खर्च निघतो. म्हणून या कारोबाराला लहान समजू नये. जी रक्कम लहान असते पण नियमित येते, तिचीच घराला खरी मदत असते.

अडचण येते ती कोंबड्या वाढवायच्या वेळी. आठच्या वीस कोंबड्या होतात, पण जागा तेवढीच राहते. पूर्वी कोंबड्या गल्लीत मोकळ्या फिरत. आता रस्त्यांवर गाड्यांची वर्दळ आहे, भटके कुत्रे आहेत, उघडी गटारे आहेत आणि शेजाऱ्यांची तक्रारही आहे. त्यामुळे जाळीचे बंदिस्त, पण पुरेसे मोठे आवार बांधणे हाच दुरुस्त मार्ग आहे. हे आवार कसे आखावे, त्याला माल कोणता व किती लागतो आणि कोठे पैसा वाया जातो, याची माहिती वाचक बंधु-भगिनींच्या सोयीसाठी येथे देत आहे. दरबा म्हणजे रात्री कोंबड्या बसण्याची बंद जागा आणि आवार म्हणजे दिवसा फिरण्याची जाळीची जागा, हा फरक सुरुवातीलाच ध्यानात ठेवावा.

जागा अपुरी आहे हे कसे ओळखावे?

कोंबडी बोलत नाही, पण खुणा दाखवते. पाठीवरची आणि शेपटीजवळची पिसे उपटलेली दिसू लागली, कोंबड्या एकमेकींना टोचू लागल्या, अंडी फोडून खाऊ लागल्या, आवारातील गवताची शेवटची काडीही संपली, सकाळी दरबा उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास आला, तर समजावे की जनावरे जास्त आणि जागा कमी झाली आहे. त्यापुढची पायरी रोगाची असते. दाटीत विष्ठा साचते, जमीन ओली राहते आणि कोंबड्या त्याच जमिनीतून दाणे टिपतात. पोटातील जंत आणि रक्ती हगवण या दोन्ही गोष्टी अशा ओल्या, घाण जमिनीतूनच पसरतात.

हिशेबासाठी साधे माप असे. दरब्याच्या आत दर कोंबडीमागे २ चौरस फूट जागा, बसायच्या दांड्यावर दर कोंबडीला ८ ते ९ इंच लांबी आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायची एक खोकी असावी. बाहेरच्या आवारात दर कोंबडीमागे निदान १० चौरस फूट असावेत. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जास्त कोंबडे ठेवल्यास भांडणे वाढतात आणि दाणा फुकट जातो.

आता समजा, आपले जुने आवार १० फूट बाय १० फूट, म्हणजे १०० चौरस फुटांचे आहे. त्यात दहा कोंबड्या सुखाने राहतील. वीस ठेवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ५ चौरस फूटच येतात. वीस कोंबड्यांसाठी २०० चौरस फूट हवेत.

जुने मोडू नका, जोडून बांधा

बरेच लोक जुने आवार उपटून नवे मोठे बांधतात. त्यात जुनी जाळी फाटते, खांब वाया जातात आणि चार दिवस कोंबड्यांना ठिकाण राहत नाही. त्यापेक्षा जुन्या आवाराला लागूनच नवे जोडावे. एक बाजू सामाईक होते आणि तेवढी जाळी वाचते.

माझी सूचना अशी आहे. जुन्या १० बाय १० च्या आवाराच्या एका १० फुटी बाजूला लागून १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा घ्यावी. ह्या नव्या जागेच्या मधोमध लांबीने एक पडदा घालावा, म्हणजे ५ फूट बाय २० फुटांचे दोन पट्टे तयार होतील. प्रत्येक पट्टा १०० चौरस फुटांचा झाला. जुन्या आवारातून दोन्ही पट्ट्यांत जायला एक-एक लहान खिडकी ठेवावी. १२ इंच रुंद आणि १४ इंच उंच पुरते. जुने आवार रोज उघडे राहील आणि नव्या पट्ट्यांपैकी एका वेळी एकच उघडायचा. वीस कोंबड्यांना कोणत्याही दिवशी २०० चौरस फूट मिळतात आणि तिसरा भाग विश्रांती घेतो.

ही विश्रांती फार मोलाची आहे. सुमारे तीन आठवडे एक पट्टा बंद ठेवला की त्यावर ऊन पडते, जमीन सुकते आणि रोगाचा जोर कमी होतो. त्या काळात त्यात मेथी, गहू किंवा बाजरी विस्कटून पाणी मारावे. पट्टा पुन्हा उघडाल तेव्हा कोंबड्यांना कोवळा हिरवा चारा तयार मिळेल. ज्वारी मात्र टाकू नये. ज्वारीच्या कोवळ्या धाटांत विषारी अंश असतो, हे जनावरे पाळणाऱ्यांना माहीतच आहे. पट्टे बदलण्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. नाहीतर सोय म्हणून एकच पट्टा महिनोन्महिने वापरला जातो आणि पडद्याचा खर्च फुकट जातो.

जागेच्या आकाराकडेही लक्ष द्यावे. २०० चौरस फूट जागा १० बाय २० ची घेतली तर चारी बाजू मिळून ६० फूट होतात. तेच २०० चौरस फूट ५ बाय ४० चे घेतले तर घेर ९० फूट होतो. जागा तेवढीच, पण जाळी दीडपट. भिंतीला लागून लांबट पट्टी काढण्याचा मोह होतो, तेव्हा आधी हा गुणाकार करून पाहावा.

जाळी घेताना कापडाची नजर वापरा

कापडाच्या धंद्यातील माणसाला जाळी समजायला वेळ लागत नाही. जाळीही ठाणात येते, तिलाही पन्हा असतो. ३, ४ आणि ५ फूट पन्ह्याच्या जाळ्या सर्रास मिळतात. कापड घेताना पन्हा पाहूनच आपण किती मीटर लागेल ते ठरवतो. इथेही तेच करावे. ६ फूट उंचीचे आवार करायचे असेल तर ३ फूट पन्ह्याच्या दोन पट्ट्या एकावर एक बसतात, कापावे काही लागत नाही. साडेपाच फूट उंची ठरवली तर कातरण निघते आणि ती कोणत्याही कामाची नसते. ६ फूट उंचीचा दुसरा फायदा असा की झाडायला आत जाणारा माणूस ताठ उभा राहू शकतो. वाकून झाडावे लागते तेथे झाडणे हळूहळू बंद होते.

दुसरी गोष्ट गेजची. तारेच्या जाडीला गेजचा आकडा असतो आणि तो सुताच्या काउंटसारखाच उलटा चालतो. २० काउंटपेक्षा ४० काउंटचे सूत बारीक असते. तसेच १६ गेजची तार जाड आणि २२ गेजची बारीक. १६ गेजची तार सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची असते, २२ गेजची सुमारे ०.७ मिलिमीटरची, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दुकानदार ‘जाळी एकच आहे, भाव कमी’ असे म्हणतो तेव्हा गेज विचारावा. नुसता भाव फुटावर नव्हे, वजनावरही ताडून पाहावा. जस्ताचा मुलामा नीट आहे की नाही तेही पाहावे. कोकणात आणि किनाऱ्याजवळ खारी हवा पातळ मुलाम्याची जाळी दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकते.

तिसरी गोष्ट विणीची. बाजारात षटकोनी घरांची बारीक जाळी मिळते, तिला लोक कोंबडी-जाळीच म्हणतात. ती स्वस्त असते, हलकी असते आणि कोंबडीला आत ठेवायला पुरेशी असते. पण बाहेरच्याला बाहेर ठेवायला ती पुरत नाही. मोठा कुत्रा ती दातांनी फाडतो. मुंगूस मोठ्या घरातून अंग चोरून आत शिरतो आणि मांजर पंजा घालून पिल्लू ओढते. म्हणून खालचे ३ फूट अर्ध्या इंच घराची, सांधे जोडलेली वेल्डेड जाळी लावावी आणि वरचे ३ फूट षटकोनी जाळी लावावी. जेथे धोका आहे तेथे मजबूत माल आणि जेथे नाही तेथे हलका माल, असा पैसा वाटून खर्च करावा.

दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथे दोन बोटे एकमेकींवर चढवून दर ४ इंचांवर बांधणीच्या तारेचा टाका घालावा. टाका लांब पडला की शिवण उसवते, हे शिंप्याला सांगायला नको. कापलेल्या कडेची टोके बाहेरच्या बाजूला दुमडावीत, म्हणजे कोंबड्यांना आणि आत काम करणाऱ्याला ओरखडा लागणार नाही.

मालाचा अंदाज

वर सांगितलेल्या १० बाय २० च्या जोडकामाला लागणारा माल असा. बाहेरच्या तीन बाजू २०, २० आणि १० मिळून ५० फूट. त्यासाठी ३ फूट पन्ह्याची वेल्डेड जाळी ५० फूट आणि तेवढीच षटकोनी जाळी ५० फूट. मधला पडदा २० फूट लांब आहे, तो दोन्ही थरांत षटकोनी जाळीचा चालतो, म्हणजे आणखी ४० फूट. षटकोनी जाळी एकूण ९० फूट झाली. जमिनीवर पसरायच्या पट्टीसाठी, जिची माहिती पुढे देत आहे, ३ फूट पन्ह्याची वेल्डेड जाळी मधून उभी कापून २५ फूट पुरते. वेल्डेड जाळी एकूण ७५ फूट. जुन्या आवाराच्या बाजूंनाही पट्टी घालायची असेल तर तिचे माप वेगळे धरावे, आणि ती घालावीच. कारण नवा भाग मजबूत आणि जुना कच्चा राहिला, तर चोर जुन्यातूनच येणार.

खांब ८ फूट लांबीचे घ्यावेत. २ फूट जमिनीत आणि ६ फूट वर. दोन खांबांतील अंतर ८ फुटांपेक्षा जास्त नसावे. २० फुटी प्रत्येक बाजूला कोपऱ्यासह ३, समोरच्या १० फुटी बाजूच्या मध्यावर १, पडद्यासाठी ३ आणि दोन दरवाज्यांसाठी २, असे १२ खांब होतात. लोखंडी अँगल किंवा जस्ती पाइप सर्वांत टिकाऊ. कारखान्यातील जुने पाइप भंगारात मिळाले तर काम स्वस्तात होते. बांबू किंवा लाकूड वापरल्यास जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावावे, नाहीतर वाळवी लागते. कोपऱ्याच्या खांबाला आतून तिरका टेका द्यावा. जाळी ताणली की सारा ओढा कोपऱ्यावर येतो. टेका नसेल तर खांब आत झुकतो आणि सगळी जाळी सैल पडते.

चोर खालून येतो

कोंबड्यांचे सर्वांत मोठे नुकसान रात्री आणि पहाटे होते. मुंगूस, रानमांजर, कुत्रा आणि घूस हे बहुधा जाळीच्या पायथ्याशी येऊन माती उकरतात. जाळी जमिनीला टेकवून सोडून दिली असेल तर अर्ध्या तासाचे काम असते. मुंगसाची खोड अशी की तो आत शिरला तर एका कोंबडीवर थांबत नाही, चार-पाच मारून टाकतो आणि खातो थोडेसे.

यावर उपाय सोपा आहे. जाळीच्या बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंदीची वेल्डेड जाळीची पट्टी जमिनीवर आडवी पसरावी, तिची एक कड उभ्या जाळीला बांधावी आणि वरून माती व दगड टाकावेत. जनावर नेहमी उभ्या जाळीच्या मुळाशी उकरते. तिथे त्याच्या पंजाला जाळी लागते. दीड फूट मागे सरून भुयार खणावे एवढे त्याला सुचत नाही. या पट्टीतून गवत वाढले की ती दिसतही नाही. घूस मात्र खोल बीळ करते. तिच्यासाठी दरब्याची जमीन फरशी किंवा सिमेंटची करावी.

दरवाजा हा दुसरा कच्चा दुवा असतो. दरवाज्याखाली अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नसावी, तेथे दगडी उंबरठा बसवावा. दरवाजा आत उघडणारा असावा, म्हणजे उघडताना कोंबड्या बाहेर निसटत नाहीत. रुंदी निदान अडीच फूट ठेवावी, घमेले घेऊन जाता यावे. वर आणि खाली अशा दोन कड्या लावाव्यात. एकच कडी असली तर कुत्रा खालचा कोपरा रेटून फट पाडतो.

वरून घार आणि कावळा पिल्ले उचलतात आणि गावरान कोंबडी ६ फूट सहज उडते. म्हणून वर नायलॉनचे जाळे ताणावे. मासेमारीचे जुने जाळे मिळाले तर उत्तम. १० बाय २० साठी १२ बाय २२ चे जाळे घ्यावे आणि मधून तार ताणून त्याला आधार द्यावा, म्हणजे पालापाचोळा साचून झोळ पडणार नाही.

काही जण वैतागून जाळीला घरची वीज जोडतात किंवा विषाचे गोळे टाकतात. असे कदापि करू नये. विजेच्या उघड्या तारेने शेजाऱ्याचे मूल दगावू शकते आणि तो गंभीर गुन्हा आहे. विष कोणाचे पोट पाहून जात नाही, आपलीच कोंबडी ते आधी टिपेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला संरक्षण आहे. कुंपण पक्के करणे हाच त्यावर इलाज.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आवार कितीही मजबूत असले तरी ते दिवसासाठी आहे. मगरिबच्या सुमारास कोंबड्या आपण होऊन दरब्यात जातात, तेव्हा मोजून दार बंद करावे. हा जिम्मा घरातील एकाच माणसावर असावा. दोघांवर सोपवलेले काम बहुधा दोघेही विसरतात.

जमीन, पाणी आणि सावली

खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातील काळी जमीन पावसात चिकट चिखल होते. अशा ठिकाणी आवाराला एका बाजूस उतार द्यावा, ४ ते ६ इंच मुरूम टाकून चोपावा आणि दरब्याच्या तोंडाशी वाळू घालावी. कोकणात पाऊस जास्त असल्याने आवाराच्या निदान एक तृतीयांश भागावर पत्रा किंवा छप्पर हवे. छपराचे पाणी आवारात न पडता बाहेर जावे. छपराखाली भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा वाळलेला पाला पसरावा. ओला झाला की काढावा, सुका असेल तर खालीवर करावा.

येथे आपल्या कारागीर बंधूंना खास इशारा देतो. कारखान्यातील सुताचा कचरा, धाग्यांचे गुंते आणि चिंध्या फुकट मिळतात म्हणून कोंबड्यांखाली टाकू नयेत. धागा कोंबडीच्या बोटांना गुंडाळतो, आवळत जातो, रक्त थांबते आणि बोट गळून पडते. तुकडा गिळला तर गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत गोळा होऊन अडकतो आणि कोंबडी भरल्या गळ्याने उपाशी मरते. तसेच रंगकामाचे किंवा सायझिंगचे सांडपाणी वाहते त्या बाजूला आवार काढू नये.

कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकून अंग थंड करते. तापमान ३५ अंशांच्या वर गेले की तिचे खाणे कमी होते, अंडी घटतात आणि कवच पातळ पडते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. म्हणून आवाराच्या पश्चिमेला सावली हवीच. जाळीच्या बाहेर शेवगा किंवा तुती लावावी. तोवर हिरवे शेडनेट किंवा ओले गोणपाट टांगावे. कण्हेर मात्र जवळ लावू नये, ती विषारी आहे. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते आणि उन्हाळ्यात त्याच्या दुपटीपर्यंत. पाण्याचे भांडे सावलीत, विटेवर उंच ठेवावे आणि दोनदा बदलावे.

छपराखाली एक २ बाय ३ फुटांची खोकी ठेवून त्यात राख, वाळू आणि कोरडी माती भरावी. कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरील उवा व इतर कीड कमी होते. लाकडी दरब्याच्या फटींत दिवसा लपून रात्री रक्त पिणारी कीड असते. फटी चुन्याने बुजवाव्यात.

नव्या आवारात कोंबड्या कशा सोडाव्यात?

पहिल्या तीन-चार दिवशी मावळतीच्या एक तास आधी नवी खिडकी उघडावी. कोंबड्या नवी जागा पाहतात आणि अंधार पडताच सवयीने परत दरब्यात येतात. मग हळूहळू वेळ वाढवावा. बाजारातून आणलेली नवी कोंबडी एकदम कळपात सोडू नये. दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवावी. ती निरोगी दिसली तर आधी जाळीआडून ओळख होऊ द्यावी, मग मिसळावी.

रोगराई आणि लस

आवार मोठे केले म्हणजे लस टाळता येते असे नाही. मानमोडी, ज्याला राणीखेत म्हणतात, हा रोग दोन-तीन दिवसांत अख्खे आवार रिकामे करतो आणि त्यावर औषध नाही. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना पहिली लस, सुमारे चार आठवड्यांनी लासोटा आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी, असा साधारण क्रम असतो. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात. आपल्या भागातील वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते आणि ती फोडल्यावर लगेच वापरावी लागते. म्हणून गल्लीतील पाच-सहा घरांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी. खर्च वाटला जातो आणि एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात रोग जात नाही. लस थर्मासमध्ये बर्फात आणावी. गरम झालेली लस म्हणजे नुसते पाणी.

बर्ड फ्लूचा अनुभव आपल्या राज्याला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला तो देशात प्रथम आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या. दोन्ही वेळा मोठ्या संख्येने पक्षी नष्ट करावे लागले. रानपक्ष्यांची विष्ठा दाण्या-पाण्यात पडू नये म्हणून दाणा-पाणी नेहमी छपराखालीच द्यावे. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या विकू नयेत, कापू नयेत, गटारात टाकू नयेत. ताबडतोब दवाखान्यात कळवावे. लपवलेला रोग सबंध मोहल्ल्याचे नुकसान करतो.

स्वच्छ दाणा आणि शेजाऱ्याचा हक्क

गल्लीत मोकळी फिरणारी कोंबडी गटारातील घाण खाते. घाणीवर पोसलेल्या जनावराला फिकहमध्ये जल्लाला म्हटले आहे, आणि अशा कोंबडीला कापण्यापूर्वी तीन दिवस बांधून स्वच्छ दाणा देण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. बंदिस्त आवारात स्वच्छ दाण्यावर वाढलेल्या कोंबडीबाबत हा प्रश्नच उरत नाही. गिऱ्हाइकालाही खात्रीने सांगता येते.

शेजाऱ्याच्या खिडकीखाली आवार काढू नये. काम सुरू करण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा नियम विचारावा. घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. विष्ठा आठवड्यातून दोनदा काढून खड्ड्यात मातीखाली दाबावी. ती दोन-तीन महिने कुजली की चांगले खत होते. ताजी टाकली तर झाडे जळतात. हे खत शेजाऱ्याच्या कुंड्यांनाही द्यावे. अर्धी तक्रार तिथेच मिटते.

वहीतला हिशेब

शेवटी पैशाचा प्रश्न. चांगली गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने तयार केलेली गिरिराजा आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा व ग्रामप्रिया या जाती त्याहून जास्त देतात, पण त्यांना दाणाही जास्त लागतो आणि अंड्यावर बसून पिल्ले काढण्याचे काम गावरान कोंबडीच नीट करते. वीस गावरान कोंबड्यांची वर्षाची अंडी १२०० ते १६०० धरावीत. मुंगसाने एका रात्रीत पाच कोंबड्या मारल्या तर पुढल्या वर्षाची ३०० ते ४०० अंडी गेली आणि कोंबड्या गेल्या त्या वेगळ्या. स्वस्त जाळीत वाचवलेले पैसे या आकड्याशी ताडून पाहावेत.

वहीत चार रकाने करावेत. पहिल्यात जाळी, खांब, मजुरी हा एकदाचा खर्च. तो पाच वर्षांवर वाटून दर वर्षाचा घसारा लिहावा. दुसऱ्यात दाणा, लस, औषध. तिसऱ्यात विकलेली अंडी व पक्षी. चौथ्यात घरात खाल्लेली अंडी, तीही बाजारभावाने. बहुतेक घरांत हा चौथा रकाना कोणी लिहीत नाही आणि मग ‘कोंबड्यांत काही उरत नाही’ असे वाटते. ही वही ज्या बाईच्या हातून काम होते तिच्याजवळच असावी आणि उरलेला पैसाही तिचाच राहावा. मेहनत तिची आणि गल्ला दुसऱ्याचा, असे झाले की काम सुस्त पडते.

काम काढायला पावसाळा संपल्यानंतरचे दिवस चांगले. जमीन नरम असते, खड्डे लवकर होतात आणि उन्हाळ्यापूर्वी सावलीची झाडे रुजतात. पैसे एकदम नसतील तर आधी एकच पट्टा बांधावा, दुसरा पुढल्या हंगामात. मात्र खालची पट्टी, दरवाजा आणि कोपऱ्याचे टेके यांत काटकसर करू नये. बाकीचे पुढेही सुधारता येते.